भेटीचा शनिवार

सोमवार, १२ जून १९७२

काल नगरच्या शिबिरातून परतलो. 'ख्रिस्ती मॅनेजर्सचं शिबिर'. दवाखान्याचे, छापखान्याचे, शेतीचे, माझ्यासारखे बोर्डिंगचे, सगळे मॅनेजर जमले होते. मद्रासहून आलेले पाहुणे इंग्रजीत बोलले. सार असं की मॅनेजरचं निम्मं काम त्याचं घर करत असतं. ह्याला ते 'फॅमिली सपोर्ट' म्हणतात. मी ताबडतोब लिहून घेतलं. बाकी कुणी लिहिलं नाही. निम्मे झोपले होते.

या बाबतीत मी भाग्यवान. लेआ लग्नाआधी नर्स होती. मी नेवाशाजवळच्या या बोर्डिंगचा मॅनेजर झालो तेव्हा तिनं नोकरी सोडली आणि इथली मेट्रन झाली. मेट्रनला पगार नाही. मॅनेजरची बायको म्हणजेच मेट्रन, असा मिशनचा जुना रिवाज. एका नेमणुकीत दोन माणसं. तिनं कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तिला तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "मला आठवतं." थट्टा करते.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहा एकदाच. संध्याकाळी सहानंतर ऑफिस बंद, फक्त लेआ आणि आमची मुलगी बेबी.

मंगळवार, १३ जून

साडेसातला उठलो. प्रवासाचा शीण. चहा तीनदा झाला, पण तिसरा पाळकसाहेबांकडे झाला, तो धरत नाही.

बुधवार, २८ जून

आज कमिटीची मीटिंग. विषय दूध पावडर. पाऊस नाही, धान्य महाग, त्यामुळे बाहेरून आलेल्या पावडरीवर मुलांची पोटं भरायची. श्रीमंतराव पाटोळे, कमिटीचे मेंबर, रिटायर्ड मास्तर, मध्येच म्हणाले की मॅनेजरच्या घरचा चहा अलीकडे फार पांढरा दिसतो, आणि मॅनेजरची मुलगी तर घरीच जेवते, तिच्या पेल्यात काय असतं कुणास ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पाटोळ्यांच्या मनात बारमाही पुनव आहे.

मी उभा राहिलो. शांतपणे म्हणालो, येत्या शुक्रवारपासून माझी मुलगी मुलींच्या बोर्डिंगमध्ये राहील. तीच पंगत, तेच ताट, तीच चटई. पाळकसाहेब म्हणाले, "अहो मकासरे, ह्याची काही गरज नाही." पाटोळे म्हणाले, "नाताळपर्यंत तरी निभेल का?" मी म्हणालो, "निभेल."

असा क्षण माणसाच्या आयुष्यात क्वचित येतो. लेआला अजून सांगितलेलं नाही. ती दमलेली होती.

गुरुवार, २९ जून

लेआला सांगितलं. भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मग म्हणाली, "किती दिवस?" मी म्हणालो, नोव्हेंबरातल्या सुगीच्या सणापर्यंत. नाताळ एकदम सांगणं बरोबर दिसलं नसतं. मोठ्या गोष्टी टप्प्याटप्प्यानं सांगाव्यात. शिबिरात होतं हे.

ती म्हणाली, "बेबी दहा वर्षांची आहे, अहो." मी म्हणालो, बोर्डिंगमध्ये सहा वर्षांच्याही आहेत. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

शुक्रवार, ३० जून

बेबी पत्र्याची पेटी घेऊन गेली. गेली म्हणजे काय, आमच्या ओट्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. उगाच बाऊ करण्यासारखं काही नाही.

तिला नियम समजावून सांगितले. तिथे तिचं नाव बेबी नाही, सुवार्ता शांतवन मकासरे. मला पप्पा नाही, 'सर' म्हणायचं, बाकीची मुलं म्हणतात तसं. आईला 'बाई'. तिला फार मजा वाटली. अंगणातून जाताना "गुड नाईट, सर! गुड नाईट, बाई!" असं ओरडत, हसत गेली. मीही हसलो. लेआ हसली नाही. तिला विनोदाची जाण बेताची.

शनिवार, ५ ऑगस्ट

शाळेच्या वर्षातला पहिला भेटीचा शनिवार. जुलैत आम्ही तो ठेवत नाही, मुलं नुकतीच आलेली असतात.

व्यवस्था चोख होती. पालक फाटकाबाहेर रांगेत. गहिनीनाथ शिपाई प्रत्येकाचं नाव आणि मुलाशी नातं रजिस्टरात लिहितो, मग मुलाच्या नावानं पुकारा करतो. मी टेबलाशी. लेआ पालकांनी आणलेलं खाणं तपासते, आंबलेलं बाजूला काढते. कुठे गोंधळ नाही.

बेबी वेणीला लाल रिबीन बांधून पायरीवर बसली होती. शेवटपर्यंत. सगळे पुकारे संपल्यावर गहिनीनाथ माझ्याकडे आला. म्हणाला, "सायेब, बेबीताईला कुनाच्या नावानं पुकारू? ती इचारतीय, माजं नाव ऱ्हायलंय का म्हनून." मी त्याला समजावलं की आम्ही दोघं इथेच आहोत, तेव्हा भेटीचा प्रश्न येत नाही. आणि ताई म्हणायचं नाही, रजिस्टरात आहे तेच नाव घ्यायचं. "व्हय जी," म्हणाला, पण उभाच राहिला. ह्या माणसाला एकदा सांगून कळत नाही.

बेबीच्या शेजारच्या चटईवर राही नावाची मुलगी असते, पाथर्डीकडची. तिच्या आईनं, लंकाबाईनं, बेबीला स्वतःच्या पदरातली अर्धी भाकर दिली. मुलं जुळवून घेतात. मोठ्यांनीच उगाच काळजी करायची.

सोमवार, १८ सप्टेंबर

नगरहून सेक्रेटरीसाहेबांचा रिपोर्ट आला. त्यात आमच्यावर एक संपूर्ण परिच्छेद! मॅनेजरनं स्वतःच्या मुलीला बोर्डिंगमध्ये ठेवून निःपक्षपातीपणाचा जो आदर्श, वगैरे. 'अनुकरणीय' असा शब्द आहे. जेवताना लेआला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'अनुकरणीय' नीट ऐकू आलं की नाही वाटून पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "भाजी गार झाली."

सहानंतरचा संकल्प अजून अमलात येत नाही, पण दोष माझा नाही. त्या वेळी लेआ मुलींच्या हॉलमध्ये असते, केस विंचरणं, उवा, खरूज, भांडणं. बेबी तर तिथेच. त्यामुळे मी घरी एकटा. काम मात्र फार भराभर होतं. फॅमिली सपोर्ट म्हणतात तो हाच असावा.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

दुष्काळ जाहीर झाल्यातच जमा आहे. पाथर्डीकडची माणसं ह्या वर्षी लवकरच ऊसतोडीला निघाली. राहीचा बाप कानिफनाथ मुद्दाम वाट वाकडी करून आला. देवळाली प्रवरेकडे कुठल्या कारखान्याच्या टोळीत चाललाय. म्हणाला, "सायेब, आता शिमग्याबिगर यायाचं न्हाई. पोरगी तुमच्या वटीत घातली." मला भरून आलं. मी म्हणालो, काळजी करू नका, माझी स्वतःची मुलगीही इथेच राहते. त्यानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. मग म्हणाला, "मंग तर तुमाला ठावंच आसंल."

काय ठाऊक असेल ते म्हणाला नाही. पण वाक्य चांगलं आहे. फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या मंडळीत कुटुंब सप्ताह असतो, त्यात मला बोलायचंय: 'ख्रिस्ती मॅनेजर आणि कुटुंबाचा हातभार'. तिथे वापरता येईल.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी. पण बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला नाहीतर सरकारी खडी फोडायला गेलेले, त्यांना घरी पाठवणार कुठे? बोर्डिंग चालू ठेवलं. अर्थात बेबीलाही ठेवलं. बाकीच्या मुलींना घर नसताना तिला घर असणं बरं दिसलं नसतं.

रविवार, १९ नोव्हेंबर

सुगीचा सण. आमच्या ख्रिस्ती देवळात अर्पणाचं टेबल बघवत नव्हतं. एरवी कणसं, भोपळे, कोंबड्या, ऊस. ह्या वर्षी चार-दोन सुकलेली कणसं, थोडी बाजरी आणि एक पपई, कुणाच्या तरी न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली. उपासनेनंतर रिवाजाप्रमाणे लिलाव. पपईवर पाटोळे बोली चढवत होते. मी इरेला पेटलो. पपई मला मिळाली. बेबीला पपई लहानपणापासून आवडते. तिच्या डोळ्यांसमोर मी ती उचलली तेव्हा ती बाकावर अर्धी उभी राहिली होती.

पण सगळी मंडळी बघत होती. पाटोळेही. पपई सरळ बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात दिली. मुक्ताबाई, आमची स्वयंपाकीण, म्हणाली, "येवढ्या पोरांत ही कशी कापू? नखाएवढी बी यायची न्हाई." मी म्हणालो, नखाएवढी तर नखाएवढी, पण सारखी.

सारखी वाटली गेली. मी स्वतः उभा होतो.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

रविवारी रात्रीच लेआ म्हणाली, सुगीचा सण झाला, आता बेबीला घरी आणूया. तेव्हा नाताळचं सांगावं लागलं. दोन दिवस बोलली नाही. घरात शांतता असावी म्हणतात, पण इतकी नको.

मंगळवार, २६ डिसेंबर

कालचा नाताळ उत्तम गेला. मॅनेजर म्हणून मी एक अपवाद केला: बेबीला दुपारच्या जेवणाला घरी बोलावलं. लेआ चार दिवस करंज्या, अनारसे, चकल्या करत होती.

बेबी आली, दारात थांबली. "आत येऊ?" म्हणाली. पाटावर अगदी कडेला बसली. प्रार्थना झाल्यावरही मी खूण करेपर्यंत तिनं घास घेतला नाही. अनारसा वाढला तर म्हणाली, "बाकीच्यांना मिळाला का?" जेवण झाल्यावर "उठू का?" विचारलं. स्वतःचं ताट घासलं, पालथं ठेवलं. मी आश्चर्यानं बघत राहिलो. सहा महिन्यांत ही डिसिप्लिन! लेआला म्हणालो, बघ. ती स्वयंपाकघरात गेली होती. बराच वेळ आली नाही. करंज्या तिकडेच राहिल्या.

नाताळ झाला, तेव्हा ठरल्याप्रमाणे बेबी घरी यायला हवी. मलाही तेच वाटतं. पण कुटुंब सप्ताहातलं भाषण बेबीवरच उभं आहे. ते फेब्रुवारीत. तिला आत्ता घरी आणलं तर भाषणात सांगायचं काय? फेब्रुवारीनंतर लगेच. नक्की.

बुधवार, १७ जानेवारी १९७३

मुलींच्या हॉलमध्ये गोवर. सात मुली आडव्या, त्यांना चटईवरून खाटांवर हलवलं. बेबी त्यांत. लेआ कालपासून तिच्या खाटेजवळून हलत नाही. पाटोळे विचारपूस करायला आले होते, त्यांच्या नजरेनं ते टिपलं असणारच.

घरी आणावं असं मनात आलं. आलं, नाही असं नाही. पण इतर सहांना कोणत्या घरी पाठवणार? मेट्रननं प्रत्येक खाटेला सारखा वेळ द्यावा म्हणून एक टाइमटेबल करून दिलं. लेआनं कागद घेतला, वाचला, चार घड्या केल्या आणि डुगडुगणाऱ्या खाटेच्या पायाखाली घातला. खाट डुगडुगायची थांबली, हे मान्य केलं पाहिजे. त्यानंतर मात्र ती उठली आणि राहीच्या कपाळावर पट्ट्या ठेवायला गेली. मग पुढच्या मुलीकडे. टाइमटेबलाप्रमाणे.

शुक्रवार, १९ जानेवारी

ताप उतरला. देवाची स्तुती असो.

दुपारी मुक्ताबाई ऑफिसात आली. ती कधी ऑफिसात येत नाही. हात पिठाचेच होते. म्हणाली, "सायेब, काल लेकरू तापात बडबडत हुतं. 'बाई, बाई' करत हुतं. मला आदी वाटलं मलाच बलावतंय. ती आईला हाका मारत हुती, सायेब. तापात बी तिच्या तोंडी आई आली न्हाई. काय शिकिवलंय तुमी ह्ये?"

मी म्हणालो, बघतो. ती गेली.

खरं तर शिस्त किती खोल रुजली ह्याचं हे उत्तम उदाहरण. भाषणात घालावं म्हणून लिहायला घेतलं. जमलं नाही. दुपारभर काही काम झालं नाही. उकाडा असेल. जानेवारीत उकाडा नसतो. मग काय असेल, कळत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

भाषण झालं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत यशस्वी भाषण. मॅनेजर हा दिवा आणि कुटुंब हे तेल, अशी सुरुवात केली. कानिफनाथचं वाक्य घातलं. बेबीचं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांनी मागे वळून बोर्डिंगच्या मुलींकडे पाहिलं. ती खाली बघत होती, विनय. लेआला मी पुढच्या बाकावर बसायला सांगितलं होतं, ती मागे मुलींतच बसली. उपासनेनंतर पाटोळ्यांनी मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पाळकसाहेब म्हणाले, भाषण टाइप करून सगळ्या बोर्डिंगांना पाठवू.

घरी आल्यावर लेआ म्हणाली, "उद्या मी भिंगारला जातेय. बन्सीकडे." बन्सी तिचा भाऊ, लष्कराच्या डेपोत क्लार्क आहे. मी खुशीत होतो. म्हणालो, जरूर, आठ दिवस रजा घे. तिनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाली, "मी रजा मागितली नाही."

मंगळवार, २० फेब्रुवारी

आठ दिवस झाले. लेआ आली नाही. बन्सीचा निरोप आला: तिला तिकडे दवाखान्यात नर्सची नोकरी मिळालीय. पगारी.

ती इथे काय काय करत होती ह्याची मी यादी करायला घेतली, कुणाला तरी वाटून द्यायला. सोडून दिली. रात्री मुली घाबरल्या तर कुणाला उठवतात, हेच मला माहीत नव्हतं. मुक्ताबाईला विचारलं. म्हणाली, "बाईस्नी. आता कुनालाच न्हाई."

बेबीला आता घरी आणायला काही हरकत नव्हती, भाषण झालं. पण घरात बाई माणूस नाही. शिवाय भाषणाच्या प्रती टाइप होऊन गेल्या. कोपरगावकडच्या एका मॅनेजरनं ते वाचून आपल्या मुलालाही बोर्डिंगमध्ये टाकल्याचं कळवलंय. आता मीच मागे फिरलो तर त्या माणसानं काय करावं?

शनिवार, ३ मार्च

भेटीचा शनिवार. रांगेत लेआ होती.

एस.टी.नं आली होती. हातात डबा. पालकांच्या रांगेत, उन्हात उभी. गहिनीनाथ धावत गेला, "बाईसायेब, आत या की, तुमाला कशाला रांग!" ती म्हणाली, "माझा नंबर येऊ द्या, गहिनीनाथ." नंबर आल्यावर तिनं नाव सांगितलं. त्यानं विचारलंच नाही, पण तिनंच सांगितलं, "नातं लिहा. आई."

त्यानं पुकारा केला. सुवार्ता शांतवन मकासरे! त्याचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता. बेबी पळत आली. मुलींनी चालत यायचं असा नियम आहे. तो मी मोडू दिला. म्हणजे, मी तोंड उघडेपर्यंत ती आईपाशी पोचली होती.

दोघी लिंबाखाली बसल्या. राहीलाही बोलावलं, तिचे आईबाप अजून उसात आहेत. शेंगदाण्याचे लाडू होते. बेबी खाताना बोलत होती, बोलताना हसत होती. इतकं बोलते हे मी विसरलो होतो. मी रजिस्टर तपासत होतो. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

जाताना लेआ टेबलापाशी आली. "सलाम, मॅनेजरसाहेब," म्हणाली. चिडून नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "ह्या घरात राहून मला तिची आई होता येईना, अहो. म्हणून बाहेरून आले." परीक्षा झाली की बेबीला ती भिंगारच्या शाळेत घालणार. "तुम्हाला ती हवी असेल तर तिला जाऊन सांगा. मला नको, कमिटीला नको. तिला सांगा, बाप म्हणून. ती म्हणाली की पप्पांजवळ राहायचंय, तर मीही परत येते. भांडी घासायलाही येते."

म्हणजे प्रश्न अगदीच सोपा आहे. मुलगी माझी आहे. पाच मिनिटांचं काम.

बुधवार, १४ मार्च

काम पाच मिनिटांचंच, पण योग्य वेळ मिळत नाही. संध्याकाळी मुलींच्या हॉलमध्ये पुरुषांना मनाई. नियम माझाच. सकाळी प्रार्थना, मग शाळा. रविवारी सगळ्यांसमोर एकीशीच बोलणं बरं दिसत नाही.

शिवाय तिला घरी आणायचं तर रीतसर आणावं, उगाच कुणी बोट दाखवायला नको. कमिटीकडे अर्ज केला: मॅनेजरच्या मुलीस घरी राहण्याची परवानगी मिळावी. अर्ज मॅनेजरमार्फत यावा लागतो, म्हणून माझाच अर्ज मीच शिफारस करून पुढे पाठवला. मीटिंगमध्ये पाटोळ्यांनी कडाडून विरोध केला. म्हणाले, "मकासरे, तुमच्या भाषणानं माझ्यासारखा माणूस बदलला, आणि तुम्हीच डगमगता?" विषय मे महिन्यावर ढकलला.

बन्सी येऊन गेला. चहा घेतला नाही. म्हणाला, "दाजी, तुम्ही अख्ख्या तालुक्याच्या पोरांचे बाप झालात. एकीचे तेवढे राहिलात." तो लष्करात असल्यामुळे तुटक बोलतो.

शनिवार, ७ एप्रिल

आज ठरवलंच. मॅनेजर म्हणून नाही, बाप म्हणून. टेबल शाळेच्या मास्तरांवर सोपवलं, लग्नातला कोट घातला, मागच्या दारानं निघालो आणि वळसा घालून फाटकाबाहेर रांगेत जाऊन उभा राहिलो.

माझ्यापुढे कानिफनाथ आणि लंकाबाई. उसातून परत आले होते, दोघंही काळे ठिक्कर पडले होते. कानिफनाथ बाजूला झाला, "सायेब, तुमी फुडं व्हा." मी म्हणालो, नाही, मीही भेटायलाच आलोय. लंकाबाईनं माझ्या हातांकडे पाहिलं. म्हणाली, "काय आनलंय लेकीला?"

मी काही आणलं नव्हतं. रांगेत प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. मी इतकी वर्षं ह्या रांगेकडे बघतोय, आणि माझ्या लक्षात आलं नाही की हात रिकामे नसतात. लंकाबाईनं गाठोडं सोडलं, गुळाचा खडा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या. रिकाम्या हातानं जाऊ नगा पोरीम्होरं."

गहिनीनाथनं नाव विचारलं नाही. नात्यापाशी पेन थांबलं. मी म्हणालो, वडील. त्यानं लिहिलं. पुकारा केला.

बेबी पळत आली. रांगेवरून नजर फिरवली, आईला शोधत होती. भिंगारची एस.टी. अजून यायची होती. मग तिला मी दिसलो. ती चालायला लागली. माझ्यापुढे येऊन उभी राहिली, हात पाठीमागे. मुलांना मी एरवी बोलावतो ते काही चूक झाल्यावरच. तिचा चेहरा उतरला होता.

म्हणाली, "मी काही केलं नाही, सर."

मी म्हणालो, नाही, नाही, तू काही केलं नाहीस. मी तुला भेटायला आलोय. ती म्हणाली, "हो, सर." मी म्हणालो, पप्पा म्हण, बेबी. ती घाईघाईनं म्हणाली, "हो, पप्पा, सर."

गूळ दिला. तिनं उजव्या हातानं घेतला, थँक्यू म्हणाली. खाल्ला नाही. फडकं उघडून बघितलं, मागे लिंबाखालच्या मुलींकडे बघितलं, आणि विचारलं, "सगळ्यांना वाटायचा ना?"

मला सांगायचं होतं की नाही, तो तुझा आहे, एकटीचा, आत्ता इथे माझ्यासमोर खा. घरी चल, हेही सांगायचं होतं. पाठ करून आलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "परीक्षेची तयारी कशी आहे?" ती म्हणाली, "चांगली आहे." भाषणाला मला कधी शब्द कमी पडले नाहीत.

एवढ्यात एस.टी. आली. लेआ उतरली. बेबीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जाऊ का?"

मी म्हणालो, जा.

ती पळत गेली. मी ऑफिसात गेलो, दार लावलं आणि रडलो. मोठ्यानं रडलो. बाहेर गहिनीनाथ पुकारा करत होता, त्यात ऐकू गेलं नसेल.

शनिवार, २८ एप्रिल

परीक्षा संपली. लेआ आणि बन्सी येऊन बेबीला घेऊन गेले. शाळेचा दाखलाही नेला. बेबीनं हॉलमधल्या सगळ्या मुलींचा निरोप घेतला, राहीच्या गळ्यात पडून रडली. मला वाकून सलाम केला. लेआ दारात थांबली होती. मी काही म्हणेन असं तिला वाटलं असावं. मी म्हणालो, "पोचल्यावर कळवा."

बुधवार, ९ मे

कमिटीची मीटिंग. दूध पावडर, विहिरीचा गाळ, छपराची कौलं. शेवटचा विषय माझा अर्ज. मी तो मागे घ्यायच्या विचारात होतो, तोच पाटोळे उठले. म्हणाले, त्यांनी महिनाभर प्रार्थना केली, त्यांचं मन बदललं, कुणाही बापाला त्याच्या लेकरापासून तोडणं बरं नव्हे. ठराव त्यांनीच मांडला: पुढील वर्षापासून मॅनेजरच्या मुलीनं आईवडिलांजवळ घरी राहण्यास कमिटीची हरकत नाही. एकमतानं पास. टाळ्या झाल्या. पाटोळे माझा हात कितीतरी वेळ हातात धरून बसले होते.

मुलगी आता इथे नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ठराव रद्द झाला असता.